तहान लागल्यावर विहीर, थंडी वाजल्यावर बॉयलर

ब्रिटनमधल्या कुठल्याही शहरातला मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. वर्षभर त्यावर गणपतीची वर्गणी, हापूसच्या पेट्या आणि 'पुण्याहून कुणी येतंय का, एक छोटं पार्सल होतं' एवढंच चालू असतं. डिसेंबर उजाडला की एक वेगळा मेसेज सुरू होतो : "अर्जंट! आमचा बॉयलर गेला. कुणाकडे चांगला माणूस आहे का?" दहा मिनिटांत चार फोन नंबर येतात, हात जोडलेले इमोजी येतात, आणि एखादे काका लिहितात, "गॅसचाच टाक रे बाबा, नसत्या फंदात पडू नकोस." दोन दिवसांनी "थँक्स ऑल, झालं काम" असा निरोप येतो. एका घराचा पुढच्या १५ वर्षांचा प्रश्न ४८ तासांत मिटलेला असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. या ४८ तासांत कुणीही काहीही निवडलेलं नसतं. तरीही ब्रिटिश सरकार, बॉयलर बनवणारे आणि तिथली अर्धी वर्तमानपत्रं याला 'ग्राहकाची निवड' म्हणतात. 'लोकांना गॅसच हवा आहे, बघा, विक्रीचे आकडे बघा,' असं म्हणतात. हा युक्तिवाद लबाडीचा आहे, आणि तो जोवर चालतोय तोवर घरं गरम ठेवण्याच्या बाबतीत तिथे फारसं काही बदलणार नाही.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी आधी थोडी माहिती. हा बॉयलर म्हणजे आपला गीझर नव्हे. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कपाटाएवढी ती पांढरी पेटी असते. तिच्यात गॅस जळतो, पाणी तापतं, आणि ते पंपाने घरभरच्या रेडिएटरमधून फिरतं. 'कॉम्बी' प्रकारचा असेल तर नळाचं गरम पाणीही त्यातूनच येतं. आपल्याकडे गीझर बंद पडला तर शेगडीवर पातेलं चढवून आंघोळ उरकते. इथे बॉयलर गेला की अख्खं घर थंड पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात बोलताना तोंडातून वाफ निघते. त्यात घरी तान्हं मूल असेल, किंवा व्हिजिटर व्हिसावर आलेले सत्तरीचे आईबाबा शाल पांघरून सोफ्यावर बसले असतील, तर पृथ्वीचं तापमान वगैरे विषय डोक्यात येत नाहीत. येऊही नयेत.

ब्रिटनमधली १०० पैकी सुमारे ८५ घरं गॅसवर तापतात. दरवर्षी तिथे सुमारे १५ लाख बॉयलर विकले जातात, आणि त्यातले बहुतेक जुन्या बॉयलरच्या जागी बसतात. हीट पंप २०२४ मध्ये विकले गेले ते एक लाखाच्या आसपास. सरकारने २०२० मध्ये जाहीर केलेलं उद्दिष्ट होतं २०२८ पर्यंत वर्षाला ६ लाखांचं. हा खड्डा का आहे, हे समजायला लोकांच्या मनात शिरायची गरज नाही. त्या ४८ तासांचं वेळापत्रक पाहिलं तरी पुरे.

बॉयलर बंद पडला. तुम्ही माणूस बोलावता. तो गॅसचं काम करणारा असतो, कारण ग्रुपवर आलेले चारही नंबर गॅसवाल्यांचेच असतात. नोंदणी असलेले असे लाखाहून अधिक लोक देशात आहेत. तो झाकण उघडतो, मान हलवतो आणि सांगतो की याचे पार्ट आता मिळत नाहीत. नवा बॉयलर उद्या सकाळी दुकानातून उचलता येतो. तीच भिंत, तेच पाइप, एका दिवसाचं काम, दोन-तीन हजार पौंड, वर कंपनीची दहा वर्षांची गॅरंटी.

आता दुसरा रस्ता. हीट पंप बसवायचा तर आधी प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते याचा हिशेब करावा लागतो. काही रेडिएटर मोठे करावे लागतात. गरम पाण्याच्या टाकीला जागा शोधावी लागते, आणि कॉम्बी आल्यावर लोकांनी टाकीचं कपाट काढून तिथे बूट ठेवलेले असतात. वीजजाळ्याच्या कंपनीला कळवावं लागतं. ७,५०० पौंडांचं सरकारी अनुदान मिळतं, पण त्याचा अर्ज प्रमाणपत्र असलेल्या इन्स्टॉलरनेच करायचा असतो. हे सगळं व्हायला काही आठवडे लागतात, कधी काही महिने. अनुदान वगळून खर्च दहा हजार पौंडांच्या सहज वर जातो.

जानेवारीच्या थंडीत, घरात लहान मूल असताना, यातलं कोण काय घेईल? एका दुकानात आज माल मिळतो आणि दुसऱ्यात मार्चमध्ये. मग पहिल्या दुकानाबाहेरची रांग दाखवून 'लोकांची पसंती' म्हणणं याला हिंमत लागते.

बॉयलर थंडीतच मरतो, यात दैवाचा काही हात नाही. उन्हाळाभर पंप आणि व्हॉल्व्ह न फिरता पडून असतात, थंडी सुरू झाली की त्यांच्यावर एकदम ताण येतो आणि जे मोडायचं ते तेव्हाच मोडतं. म्हणजे हे संकट अचानक आलेलं नसतं. कुठल्या घरातला बॉयलर किती वर्षांचा आहे हे नोंदींवरून काढता येतं. त्यातले बरेचसे कुठल्या ऋतूत जाणार, हेही ठाऊक असतं. तरी धोरण असं आखलंय की जणू प्रत्येक कुटुंब एखाद्या निवांत रविवारी चहा पीत, तीन कोट समोर ठेवून निर्णय घेणार आहे.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. कडाक्याच्या थंडीत बंद पडलेला प्रत्येक बॉयलर मेलेला नसतो. २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये बसवलेले जवळपास सगळे बॉयलर 'कंडेन्सिंग' प्रकारचे आहेत. धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता ते वापरतात. ते पाणी प्लास्टिकच्या एका नळीतून बाहेर जातं. नळी घराबाहेरून गेलेली असली आणि पारा शून्याखाली गेला की तिच्यात बर्फ धरतो आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. नळीवर कोमट पाणी ओतून बॉयलर रीसेट केला की बऱ्याचदा तो सुरू होतो. तीन हजार पौंड काढण्याआधी एक तांब्या पाणी ओतून बघायला हरकत नाही.

आता काकांकडे वळू. त्यांचा पहिला आक्षेप : 'हे जुन्या ब्रिटिश घरांत चालत नाही, थंडीत चालत नाही.' हीट पंप म्हणजे उलटा लावलेला फ्रिज. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून आत आणतो. बाहेर शून्य अंश असलं तरी हवेत उष्णता असतेच, आपल्याला ती जाणवत नाही इतकंच. वीज खर्च होते ती उष्णता वाहून आणायला. म्हणून एक युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता घरात येते. यात नवीन काही नाही. केल्विनने १८५२ मध्ये हे तत्त्व मांडलं. इंग्लंडमधल्याच नॉरिच शहरात जॉन समनर नावाच्या इंजिनिअरने १९४५ मध्ये नगरपालिकेच्या वीजखात्याची इमारत अशा पंपाने तापवली. १९५१ च्या सुमारास लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलसाठी थेम्स नदीच्या पाण्यातून उष्णता काढण्याचा प्रयोग झाला. पुढे कोळसा स्वस्त, मग उत्तर समुद्रातला गॅस स्वस्त, म्हणून हे सगळं बाजूला पडलं.

जुन्या घरांचंही तेच. सरकारच्याच पैशाने झालेल्या एका प्रकल्पात ७४२ घरांत हीट पंप बसवले गेले. त्यात व्हिक्टोरियन चाळवजा घरं होती, फ्लॅट होते, साठच्या दशकातली घरं होती. अमुक प्रकारच्या घरात हे शक्यच नाही, असा एकही प्रकार निघाला नाही. नॉर्वेत तीनपैकी सुमारे दोन घरांत हीट पंप आहे. नॉर्वेची थंडी लंडनपेक्षा कमी आहे असं काकाही म्हणणार नाहीत. तिथले बहुतेक पंप खोलीत थेट गरम हवा सोडणारे, रेडिएटर न वापरणारे आहेत, हा फरक खरा. पण 'थंडीत चालत नाही' हे वाक्य तिथे मोडून पडतं.

काकांचा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : 'बिल वाढेल.' या प्रश्नाला हीट पंपवाले बऱ्याचदा फक्त गोड हसतात, म्हणून आपणच हिशेब करू. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये दरांची जी सरकारी मर्यादा लागू झाली, तिच्यात गॅस होता ६.२४ पेन्स युनिट आणि वीज २४.५ पेन्स. म्हणजे वीज जवळपास चौपट. चांगला बॉयलर ८८ टक्के उष्णता घरात देतो असं धरलं तर उष्णतेचं एक युनिट पडतं सुमारे ७.१ पेन्सला. हीट पंपाने एकाचे २.८ केले तर तेच युनिट ८.७५ पेन्सला पडतं, म्हणजे बिल वाढतं. एकाचे ३.५ केले तर ७ पेन्सला, म्हणजे बरोबरी. स्वयंपाकही विजेवर नेऊन गॅसची जोडणी कायमची तोडली तर दिवसाला सुमारे ३२ पेन्सचा स्थिर आकार वाचतो, वर्षाला ११५ पौंड. त्या ७४२ घरांत हवेवर चालणाऱ्या पंपांचा मधला आकडा २.८ च्या आसपासच होता. चांगल्या कारागिराने नीट हिशेब करून बसवलेला पंप साडेतीनपर्यंत जातो, घाईत बसवलेला जात नाही.

तेव्हा काकांची भीती खोटी नाही. पण ती भीती कुठून आली ते पाहा. ब्रिटनमध्ये विजेचा घाऊक भाव बराच काळ गॅसवर चालणारी केंद्रंच ठरवतात. त्यावर हरित ऊर्जेसाठीचे अधिभार वर्षानुवर्षं प्रामुख्याने विजेच्या बिलावर चढवले गेले, गॅसच्या नाही. म्हणजे सरकार एका हाताने हीट पंपाला ७,५०० पौंड देतं, आणि तो चालवायला लागणारी वीज दुसऱ्या हाताने महाग ठेवतं. ही निसर्गाची अट नाही. बिलावरच्या ओळी मंत्रालयात लिहिल्या जातात आणि तिथेच खोडताही येतात.

'सरकारने लोकांच्या घरात डोकावू नये' असंही एक पालुपद आहे. त्यांना इतिहास आठवून द्यायला हवा. १९६० च्या दशकापर्यंत ब्रिटनमधल्या घरांत कोळशापासून बनवलेला गॅस यायचा. उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि जुनी उपकरणं त्याला चालेनात. तेव्हा सरकारने असं म्हटलं नाही, की तुमची शेगडी बिघडली की तुम्ही ठरवा. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत गल्लोगल्ली पथकं फिरली. तारीख आधी कळवली जायची, माणसं यायची, बर्नर बदलून जायची. ग्राहकाला त्यासाठी वेगळं बिल नव्हतं. एक कोटी ३० लाखांहून अधिक ग्राहकांचा गॅस असा बदलला गेला. आज ज्या गॅसला 'लोकांची पसंती' म्हणतात, तो त्यांच्या घरात असा आला. बर्नर बदलणं हे रेडिएटर आणि टाकी बदलण्याहून खूप सोपं होतं, आणि गॅस तेव्हा सरकारी मालकीचा होता, हे मान्य. पण मुद्दा उपकरणाचा नाहीच. मुद्दा हा की काम आधीपासून ठरवून, गल्लीवार, ऋतू पाहून झालं. एकेका कुटुंबाला एकेका संकटात एकटं गाठून झालं नाही.

याच्या उलट केलं तर काय होतं, ते जर्मनीने २०२३ मध्ये दाखवलं. नव्या हीटिंगमध्ये किमान ६५ टक्के अक्षय ऊर्जा हवी, असा कायदा तिथे येणार होता. मदत किती मिळणार हे लोकांना नीट कळण्याआधी बंदीची बातमी पोचली. एका खपाच्या दैनिकाने मंत्री रॉबर्ट हाबेक यांच्या नावाने 'हातोडा' असा मथळाच चालवला. त्या वर्षी गॅस बॉयलरची विक्री उलट वाढली. घाबरलेला माणूस ओळखीची वस्तू घेतो. बर्लिनमध्येही घेतो आणि बर्मिंगहॅममध्येही.

ब्रिटिश राज्यकर्त्यांनी यातून काय धडा घेतला? पुढे ढकलण्याचा. २०३५ नंतर नवे गॅस बॉयलर नकोत, हे धोरण २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ऋषी सुनक यांनी सैल केलं. बॉयलर कंपन्यांनी विक्रीच्या ठरावीक प्रमाणात हीट पंप विकावेत, असा नियम २०२४ मध्ये येणार होता. कंपन्यांनी त्याआधीच प्रत्येक बॉयलरवर शंभर-सव्वाशे पौंड वाढवले, त्याला 'बॉयलर टॅक्स' हे नाव पडलं, आणि नियम वर्षभर लांबला. मधली काही वर्षं तर हायड्रोजनच्या नावावर गेली. 'थांबा, लवकरच याच पाइपांतून हायड्रोजन येईल' असं सांगून 'हायड्रोजनसाठी तयार' बॉयलरची जाहिरात झाली. एल्समियर पोर्टजवळच्या व्हिटबीत जो मोठा प्रयोग व्हायचा होता तो रहिवाशांच्या विरोधानंतर जुलै २०२३ मध्ये रद्द झाला. रेडकारचा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. आपल्याकडे याला आजचं मरण उद्यावर ढकलणं म्हणतात. आणि इथे उद्या म्हणजे बॉयलरच्या आयुष्याएवढी, १५ वर्षं.

या सगळ्यात ज्यांना ४८ तासांची नावापुरती निवडही मिळत नाही असे लोक आहेत : भाडेकरू. इंग्लंडमधल्या दर पाच घरांपैकी जवळपास एक घर खाजगी भाड्याचं आहे. शिकायला किंवा पहिल्या नोकरीला आलेली आपली बहुतेक मुलं-मुली अशाच घरांत राहतात. १९८५ च्या कायद्याने हीटिंग आणि गरम पाणी दुरुस्त ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. पण कुठलं यंत्र बसवायचं हे तो ठरवतो, आणि बिल भरतो भाडेकरू. घरमालक साहजिकच सगळ्यात स्वस्त पेटी घेतो. तिच्या प्रत्येक युनिटचे पैसे तिसऱ्या मजल्यावर जाकीट घालून अभ्यास करणारी मुलगी मोजते. तिला 'ग्राहक' म्हणणं ही थट्टा आहे.

मग करायचं काय? मागण्या चार आहेत, आणि चारही साध्या आहेत. एक : दहा वर्षांवरच्या प्रत्येक बॉयलरच्या वार्षिक सर्व्हिसिंगबरोबर घराचा उष्णतेचा हिशेब फुकट करून द्या. भाड्याच्या घरांत गॅसची तपासणी दरवर्षी सक्तीचीच आहे, तिथून सुरुवात होऊ शकते. दोन : बॉयलर थंडीत गेलाच, तर हीट पंप बसेपर्यंत तात्पुरतं हीटिंग आणि गरम पाणी त्या अनुदानाचाच भाग करा. गाडी गॅरेजमध्ये असताना बदली गाडी मिळते, तसं. तीन : अधिभार विजेच्या बिलावरून हटवा. चार : घरमालकाने नवं यंत्र घेताना ते चालवायचा वार्षिक खर्च भाडेकरूला आधी लेखी द्यावा.

हे होईपर्यंत इथल्या मराठी घरांनी करण्यासारखंही काही आहे. घर घेताना आपण ईशान्य कुठे आहे हे होकायंत्राने पाहतो, शाळेचा पत्ता पाहतो, पण बॉयलरच्या पाटीवरचं साल पाहत नाही. ते पाहा. बॉयलर कॉम्बी असेल तर रेडिएटरच्या पाण्याचं तापमान वेगळं ठरवता येतं. बऱ्याच घरांत ते ७५-८० अंशांवर सोडून दिलेलं असतं. पाणी परत येताना ५५ अंशांच्या खाली असेल तरच कंडेन्सिंग बॉयलर कंडेन्सिंगचं काम करतो, तेव्हा ते उतरवलं की गॅसही वाचतो. भर थंडीच्या एका आठवड्यात ते ५० ते ५५ वर ठेवून बघा. घर तापायला वेळ जास्त लागेल, त्यामुळे हीटिंग लवकर सुरू करा. घर उबदार राहिलं, तर तुमचे रेडिएटर हीट पंपाला बहुधा पुरतील. राहिलं नाही, तर नेमकी कुठली खोली अडते ते कळेल. हा प्रयोग फुकट आहे, आणि कुठल्याही सेल्समनच्या भाषणापेक्षा जास्त सांगतो. मग मे महिन्यात, खिडक्या उघड्या असताना, तीन कोट मागवा.

त्यानंतरही कुणी हिशेब करून गॅसचाच बॉयलर घेतला, तर माझं त्यांच्याशी भांडण नाही. त्याला निवड म्हणता येईल. पण कुडकुडत केलेल्या सहीला निवड म्हणायचं, तिचे आकडे संसदेत फडकवायचे, आणि 'लोकच तयार नाहीत' म्हणून आणखी पाच वर्षं ढकलायची, हे बंद झालं पाहिजे. लोकांना आधी विचारा. उन्हाळ्यात विचारा. मग सांगा त्यांना काय हवं आहे ते.